मस्तुरींचा पाचवा थाळा

मिठाची बरणी आणायला पाठवलेली मुलगी अर्ध्या तासानं मांजर घेऊन परत येते, याला मन्नूबियाच्या घरात आजार म्हणत नसत. वात्रटपणा म्हणत.

मुलगी म्हणजे नात. दोर्रा. वय अकरा, पाय बाभळीच्या काट्यांवर ठेवल्यासारखे, आणि डोकं कुठे ते अल्लाला ठाऊक! शाळेत एक वही नेली तर दोन हरवून यायची. धड्याच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवायची आणि नजर खिडकीतून मशिदीच्या मिनारावर, तिथल्या कबुतरांवर, कबुतरांच्या पिल्लांवर. तोवर वर्ग धडा संपवून घरी गेलेला!

गेल्या सोमवारी सून नाजेत तिला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली आणि एक कागद घेऊन आली.

"आई, हा हट्ट नाही नि आळसही नाही," नाजेत म्हणाली. "लक्ष एका जागी धरून ठेवणं तिच्या मेंदूला जड जातं. जन्मापासूनच."

"गोड फार खाते म्हणून."

"गोडाचा संबंध नाही."

"मग तू लाडावलीस म्हणून."

"त्याचाही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक वेळा हे रक्तातूनच येतं. नाक येतं तसं."

मन्नूबियाचा हात आपोआप नाकाकडे गेला. दोर्राचं नाक हुबेहूब तिचं होतं. सगळं कैरवान शहर तसं म्हणायचं. तिनं हात खाली घेतला.

"नाक आमचं आहे," ती म्हणाली. "बाकीचं तुझ्या माहेरचं!"

नाजेतनं ते गिळलं. बारा वर्षांत तिला सवय झाली होती. "एका वेळी एकच काम सांगायचं," ती पुढे म्हणाली. "जवळ जाऊन सांगायचं, स्वयंपाकघरातून ओरडून नाही. वर्गात पहिला बाक द्यायचा, आणि सहावीच्या परीक्षेत थोडा जास्त वेळ. औषधाचं पुढच्या सोमवारी ठरेल. घरात आणखी कुणाला असं आहे का, तेही त्या विचारणार आहेत."

"सांग त्यांना, मस्तुरींच्या घरात असलं काही नसतं!"

आता त्या कागदाची गोष्ट. त्यावर डॉक्टरीणबाईंचा शिक्का होता आणि तो रमजानच्या अठ्ठाविसाव्या रोज्याला, दुपारी एकच्या आत शाळेच्या मोठ्या बाईंच्या हातात पडायला हवा होता. मुलांना सुट्टी लागलेलीच होती, एकनंतर शाळेची कचेरीही ईदसाठी बंद, आणि परीक्षेच्या याद्या त्याच दिवशी वर जाणार. कागद नाही तर जास्त वेळ नाही. दोर्रा मागच्या वर्षी तीन गणितं येत असून सोडवू शकली नव्हती. घरी येऊन जिन्याखाली बसली होती. तेव्हा मांजरसुद्धा तिच्याजवळ गेलं नव्हतं.

त्या दिवशी नाजेतला कामावर जायचं होतं, मुलगा रिधा ट्रक घेऊन दक्षिणेकडे गेलेला.

"कागद दोर्राकडे देऊ नका, आई. वाटेत हरवेल."

"माझ्याकडे दे!" मन्नूबियानं तो घेऊन झग्याआड छातीशी खोचला. "पन्नास वर्षांत माझ्या हातून सुई हरवली नाही. बारा वाजता पोरीला घेऊन निघते. तू जा!"

नाजेत गेली. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं तिनं.

सकाळभर घरात ईदचा घ्रैबा चालला होता. हरभऱ्याचं पीठ, तूप, साखर. मळायचं, कापायचं, थाळ्यात मांडायचं आणि गल्लीच्या टोकाला हसूनाचाचाच्या भट्टीवर धाडायचं. सगळ्या गल्लीचे थाळे त्याच भट्टीत जातात, म्हणून प्रत्येक थाळ्यावर नावाची चिठ्ठी लागते. गेल्या ईदला चिठ्ठी पडली आणि शेजारच्या फत्तूमाचा तडकलेला घ्रैबा मन्नूबियाच्या घरी आला होता. पाहुण्यांनी तो खाल्ला! तो कलंक ती विसरली नव्हती.

पाच थाळे झाले, दोर्रानं एकेक करून पोचवले. वाटेत काही सांडलं नाही, याचं मन्नूबियाला नवल वाटलं. पण ते तिनं बोलून दाखवलं नाही.

बारा वाजले. तिनं छातीशी हात घातला. कागद नाही!

"दोर्रा! कागद कुठे टाकलास?"

"मी हातसुद्धा लावला नाही, आज्जी!"

"मग काय कागदाला पाय फुटले?"

शोध सुरू झाला. मन्नूबियानं गादी उचलली. गादीखाली रिधाचा ईदचा सदरा, वरचं बटण लोंबतंय. दोन टाके घालायला कितीसा वेळ लागतो! दोऱ्यासाठी कपाट उघडलं, तर कपाटाचं दार किरकिरलं. तेलासाठी स्वयंपाकघरात गेली, तर वाटीला तूप लागलेलं. वाटी धुवायला अंगणातला नळ सोडला, आणि तेवढ्यात दिसलं की सब्जाच्या कुंडीतली माती कोरडी आहे. मग तांब्या शोधायला...

"आज्जी."

"काय गं?"

"आपण कागद शोधत होतो."

मन्नूबिया थबकली. एका हातात सुई, दुसऱ्या हातात तेलाची बाटली, आणि सदरा खांद्यावर.

"तेच करतेय ना!" ती म्हणाली.

दोर्रानं तिच्या हातातून बाटली घेतली, सुई घेतली, सदरा घेतला. मग अगदी जवळ येऊन, हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी मला शिकवलंय. हरवलं की धावायचं नाही. शेवटी जिथे होतो तिथे जाऊन उभं राहायचं आणि हातांनी तेच पुन्हा करायचं. चल, ओट्यापाशी उभी राहा. काय करत होतीस?"

"थाळे मांडत होते."

"कर."

मन्नूबियानं हवेत थाळा मांडला. हे बघायला गल्लीत कुणी नाही ना, हे आधी पाहून घेतलं. "पहिल्याला चिठ्ठी. दुसऱ्याला चिठ्ठी. तू चारच करून ठेवल्या होत्यास, भवाने! पाचव्याला नव्हती. तेवढ्यात दूध उतू चाललं. मी दुधाकडे धावले, आणि इकडे..." तिचा हात आपोआप छातीशी गेला, एक कागद काढला, आणि तो नसलेल्या थाळ्यावर ठेवला.

मन्नूबियाला वाचता येत होतं ते मोजकंच: नोटांवरचे आकडे आणि स्वतःचं आडनाव. आणि डॉक्टरीणबाईंच्या कागदावर सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, 'मस्तूरी' असं छापलेलं होतं.

"या अल्ला!" ती म्हणाली. "भट्टीत!"

दोघी धावल्या. पासष्ट वर्षांच्या बाईनं रोज्यात धावू नये, पण धावली.

भट्टीसमोर डझनभर बायका, आणि मस्तुरींचे पाचही थाळे कच्चेच, उंबऱ्याबाहेर उन्हात. हसूनाचाचा दारात कमरेवर हात ठेवून उभा. हातात कागद. तुपाच्या डागानं त्यावरचं दोर्राचं नाव पार पुसून टाकलं होतं.

"आलीस? ये!" तो गरजला. "तीस वर्षं तुझं भाजतोय मी, मन्नूबिया! आणि तू माझ्याविरुद्ध शिक्क्यानिशी तक्रार करतेस? थाळ्यावर ठेवून पाठवतेस?"

"कसली तक्रार?"

"कसली? ऐका बायांनो!" त्यानं कागद लांब धरला. "'सुरू केलेलं काम अर्धवट राहतं: नेहमी.' माझं? 'वस्तू हरवतात: नेहमी.' एकच थाळा हरवला होता, तोही सापडला! 'समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत तोडलं जातं: नेहमी!'"

"अरे पण हसूना, ते..."

"बोलू दे मला! तुझे थाळे घरी ने. चुलीवर भाज, नाहीतर उन्हात वाळव!"

बायका कुजबुजायला लागल्या. सगळ्यांच्या माना मन्नूबियाकडे. "मग हे कुणाबद्दल लिहिलंय गं?" फत्तूमानं विचारलं. तिचे डोळे दोर्राकडे वळत होते.

दोर्रा जमिनीकडे बघत होती. चपलेच्या टोकानं माती उकरत होती. जिन्याखाली बसली होती तशीच दिसत होती, फक्त उभी.

एक वाजायला पंचवीस मिनिटं होती. खरं सांगितलं असतं तर कागद लगेच मिळाला असता, आणि ईद संपेपर्यंत कैरवानच्या निम्म्या बायकांना दोर्राचं नाव माहीत झालं असतं.

मन्नूबियानं नाक वर केलं.

"माझ्याबद्दल!" ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी माझ्याबद्दल लिहिलंय. माझं लक्ष भरकटतं. जन्मापासून. झालं समाधान?"

आता बायका तोंडात बोट घालतील, "काहीतरीच काय, तुझ्यासारखी टापटिपीची बाई!" म्हणतील, अशी तिनं वाट पाहिली.

"ते होय!" फत्तूमा म्हणाली. "ते तर आम्हाला चाळीस वर्षं माहितीये!"

"हमामातून एक स्वतःची नि एक माझी चप्पल घालून गेली होती," दुसरी म्हणाली. "दोन्ही डाव्या!"

"माझ्या लेकीच्या लग्नात मीठ आणायला म्हणून उठली," तिसरी म्हणाली, "आणि जेवणं उरकल्यावर आली. काखेत कोंबडी!"

"बिचारी," हसूनाचाचा म्हणाला. त्याचा राग तुपासारखा वितळला होता. "आधी सांगायचंस ना. मी आपला मनाला लावून घेतलं." त्यानं कागद झटकला, पीठ उडालं, आणि पाचही थाळे स्वतः उचलून आत नेले.

कागद मोठ्या बाईंच्या टेबलावर पडला तेव्हा एकला सहा मिनिटं कमी होती. त्यांनी तो दोन बोटांनी धरला, वास घेतला, "घ्रैबा?" असं विचारलं आणि यादीत नाव लिहिलं. पहिला बाक. जास्त वेळ.

परतताना दोर्रा गल्लीच्या तोंडाशीच थांबली. पाणी. घराच्या पायऱ्यांवरून, रांगेनं, शिस्तीत खाली येत होतं. दारात कामावरून परतलेली नाजेत घोट्यापर्यंत भिजलेली उभी.

"दोर्रा!" ती सवयीनं ओरडली. "नळ कुणी..."

"मी," मन्नूबिया म्हणाली.

नाजेतनं सासूकडे पाहिलं. मग सासूच्या नाकाकडे. मग लेकीच्या नाकाकडे. मग आत जाऊन तिनं खराटा आणला. शहाणी सून होती.

मन्नूबियानं झगा वर खोचला, पाण्यात उभी राहिली आणि नातीचा हात धरला.

"ऐक गं कार्टे," ती म्हणाली. "तुझ्यात खोट बीट काही नाही. तू माझ्यावर गेलीस, आणि मस्तुरींना नावं ठेवायची कुणाची छाती नाही. सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे आपण दोघी जायचं. फक्त माझा हात सोडू नकोस. वाटेत कोंबडीबाजार लागतो!"