हद्दीबाहेरची थंडी

थंडी हद्द पाहून येत नाही. जबाबदारी मात्र हद्द पाहूनच येते.

हे सत्य पालिकेच्या तक्रार खात्यातल्या मोठ्या कारकुनसाहेबांना त्या हिवाळ्यात उमगले आणि खात्याचे भले झाले. तोवर तक्रार आली की माणूस पाठवावा लागे. (माणूस एकच होता, आणि त्यालाही थंडी वाजे.)

झाले असे, की एका संशोधक बाईंनी सभागृहात व्याख्यान दिले. ध्रुवाजवळच्या समुद्रावरचा बर्फ घटला की उंचावरच्या वाऱ्यांचा पट्टा ढिला पडतो आणि तिकडची थंडी इकडे घसरत असावी. पण तज्ज्ञांत अजून वाद आहे, असे त्या म्हणाल्या. लोक जांभया देत घरी गेले. कारकुनांनी दोन शिक्के करवून घेतले.

पहिला, 'कारण हद्दीबाहेर'. तो गोठलेल्या नळांसाठी आणि बंद बॉयलरांसाठी. दुसरा, 'तज्ज्ञांत अजून वाद आहे'. तो, बर्फ धुरामुळे वितळतो म्हणत कुणी पालिकेच्या धुराड्यांकडे बोट दाखवलेच, तर. दोन्ही एकाच व्याख्यानातून आले असल्याने त्यांत विसंगती शोधणे हा कोतेपणा ठरला असता. महिन्याभरात चारशे पंधरापैकी चारशे बारा तक्रारी निकाली निघाल्या. (उरलेल्या तिन्हींच्या वेळी शाई गोठली होती.)

मग एके सकाळी कारकुनांची आईच अर्ज घेऊन आली. पालिकेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती एकटी राही. तिथला बॉयलर नऊ दिवस बंद होता, आणि तिचे आधीचे दोन अर्ज शिक्का खाऊन परत आले होते.

"अरे, शिक्का मारताना नाव तरी वाचायचंस!"

"आई, नाव वाचलं की पक्षपात होतो."

तिची बोटे निळी पडली होती. ती पाहून कारकुनांनी तिला बसायला खुर्ची दिली, हे नमूद केले पाहिजे.

"बरं, माझी थंडी तिकडची. मग तिकडचा बर्फ कुणी वितळवला?"

कारकुनांच्या पायाशी कोळशाची शेगडी धगधगत होती. तिचे धुराडे भिंतीतून बाहेर धूर सोडत होते. हात सवयीने गेला आणि अर्जावर दुसरा शिक्का उमटला.

आईने तो वाचला, घडी घातली आणि शेगडीत टाकला. कागद जळेपर्यंत तिने हात शेकून घेतले.

"चला, एवढं तरी मिळालं पालिकेकडून," म्हणाली आणि जिना उतरू लागली.

वाचकांना कारकुनांचा राग आला असल्यास लेखी कळवावे. सोबत स्वतःच्या घरच्या धुराचा तपशील जोडावा. तो लिहिताना हात अडला, तर हरकत नाही. दुसरा शिक्का आपल्याही घरी असतोच.