दादाची ग्रिन्योलिनो

दुःखात माणसाने शांत बसावं म्हणतात. मला सुखातही बसता येत नाही. एवाझियोदादा गेला त्याच्या चौथ्या दिवशी मी तळघर धुवायला काढलं. (कुणी सांगितलं नव्हतं. मला सहसा कुणी काही सांगत नाही.) बादल्या ओतल्या, ब्रश फिरवला, फळ्या लख्ख केल्या. फळ्यांवर खडूच्या खुणा होत्या, त्याही घासून काढल्या. दादा वाइन घरीच करायचा, बाटल्यांना लेबल लावत नसे. बार्बेरा कुठली, फ्रेइझा कुठली, ग्रिन्योलिनो कुठली, हे त्या खुणांवरून कळायचं. हे मला ब्रश वाळत घातल्यावर आठवलं.

महिना झाला. रविवारी चर्चमध्ये दादाच्या नावाने मिस्सा, मग फादरसकट सगळ्यांचं घरी जेवण. एर्नेस्तावहिनी म्हणाली, "भावोजी, टेबलावर ह्यांची ग्रिन्योलिनोच हवी. ह्यांच्या हातची शेवटची आहे. ओळखाल ना?"

"वहिनी! दहा वर्षं दादा मला तीच पाजत होता!"

खरंच. रोज जेवताना दादा माझ्यासाठी वेगळी बाटली काढायचा. "घे सेकोंदो, तुझी ग्रिन्योलिनो."

(खुणा पुसल्याचं वहिनीला सांगायची हिंमत नव्हती.) तळघरात जाऊन मी फळीफळीवरची एकेक बाटली उघडली. पहिली काळीजांभळी. दुसरी फसफसून शर्टावर आली. तिसरी फिकट लाल, पण तुरट, आणि शेवटी कडवट. थुंकलो. कोपऱ्यात अगदी खालच्या फळीवर चौथी सापडली. एक घोट घेतला आणि दादा समोर येऊन बसल्यासारखं वाटलं. मी पायरीवर बसून हुंदके देत अर्धी बाटली संपवली. मग डोळे पुसून सहा बाटल्या वर नेल्या.

सगळे उभे राहिले. दादाचं नाव घेऊन प्यायले. शेजारच्या तेरेसियोकाकांनी एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला.

"सेकोंदो, हे काय आणलंस?"

"दादाची ग्रिन्योलिनो."

"गाढवा, द्राक्षं पिळून उरलेल्या चोथ्यावर पाणी ओतून काढलेलं आहे हे!"

"पण दादा मला रोज हीच..."

वहिनीने तोंडाला रुमाल लावला. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. महिन्याभरात पहिल्यांदा.

"भावोजी, दोन ग्लास पिऊन तुम्ही फादरच्या खुराड्यात ट्रॅक्टर घातला होतात, आठवतं?"

"अकरा कोंबड्या," फादर म्हणाले.

"त्या दिवसापासून हे तुमच्यासाठी वेगळी बनवायचे. म्हणायचे, त्याला कळणार नाही, आणि त्याचं मनही मोडणार नाही."

मी खाली गेलो. थुंकलेली ती तिसरी वर आणली. काकांनी चव घेतली, डोळे मिटले आणि टोपी काढली.

वहिनीने सगळ्यांना ओतली. माझ्यापाशी आली, थांबली. खिडकीतून अंगणातल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. मग हातातली बाटली ठेवून मी आधी आणलेल्या सहांतली एक उचलली.

"घ्या भावोजी, तुमची ग्रिन्योलिनो."