भरतीची हद्द मोजणारे देशकरभाऊ

समुद्र मोजायला जरीब घेऊन जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहत होता. देशकरभाऊ म्हणजे रिटायर पटवारी. जरीब ही शेतं मोजायची लोखंडी साखळी. सरकारी जरीब जमा करावी लागली, तर यांनी लोहाराकडून दुसरी करवून घेतली. दर डिसेंबरला ती गाडीत टाकून स्वारी कोकणात निघायची. तिथे एक टोक खुंटीला अडकवायचं, दुसरं हातात धरायचं, आणि भरतीचं पाणी आज कुठवर आलं ते मोजायचं. परत आले की मला म्हणायचे, "सर, असा काश्तकार म्या जिंदगीत नाही पाह्यला. रोज हद्द सरकवते, अन् तक्रार कोणाचीच नाही."

समुद्राला असं शेतकरी केलेलं ऐकून मी हसायचो. पोटात मात्र दुखायचं. कारण मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या हिंदी शाळेत भूगोल शिकवणारा मास्तर. बावीस वर्षं फळ्यावर अरबी समुद्र काढतोय, भरती-ओहोटी, वाळूचे दांडे, सगळं तोंडपाठ. आणि समुद्र पाहून कोण येतो, तर पटवारी!

त्यांची गाडी म्हणजे लिलावात घेतलेली जुनी अँब्युलन्स. स्ट्रेचर काढून आत स्टोव्ह, पाण्याचा ड्रम, झोपायला फळ्या, असा संसार मांडलेला. बाहेरचा लाल क्रॉस त्यांनी दोनदा रंगवून झाकला, तरी तो आतून डोकावायचाच. एका साली राजेगावजवळ चार माणसांनी हात दाखवला आणि काही विचारायच्या आत तापानं फणफणलेली म्हातारी आत आणून निजवली. देशकरभाऊंनी गाडी सुरू केली. तिला गोंदियाच्या दवाखान्यात पोचवलं, दोन दिवस तिथेच गाडी उभी ठेवली, तिला घरी सोडलं आणि मग समुद्राकडे निघाले. कॉलनी पोट धरून हसली. भाऊंचं एकच उत्तर, "घाई कोणाले हाय?"

हे वाक्य त्यांच्या ओठांवरच असायचं. गाडी ताशी पंचवीसच्या वर नाही. नागपूरलाच तिसरा दिवस उजाडायचा. समुद्र दिसला की मग एकेका किनाऱ्यावर चार-चार दिवस मुक्काम. सकाळी उठायचं आणि पाण्यानं रात्रीतून काय आणून टाकलं ते वेचायचं. शिंपले तर कोणीही आणतो. हे आणायचे जाळं तरंगतं ठेवणारे फुटके बोये, बोटीवरचे बल्ब, आणि चपला. चपला नेहमी एकेकट्याच. फेब्रुवारीत परतले की ओसरीवर सगळं मांडून ठेवायचे, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून. कॉलनीतली पोरं तिथे गोळा व्हायची, आमच्या घरच्याही मंडळींसकट.

"काही म्हणा, माणूस जगतो तरी," आमची ही म्हणायची. मी पेपर तपासत बसायचो आणि लाल शाईनं जरा जास्तच रेघा मारायचो. खोटं कशाला बोलू, एकदा गाडी सुरू होत नव्हती तेव्हा मला बरं वाटलं होतं.

कळस झाला तो दहावीच्या वर्गात. मी चंद्राचं आकर्षण समजावून सांगत होतो, तर मागून एक मुलगी उठली. "सर, देशकर काका तो कहते हैं, ज्वार रोज पौन घंटा लेट आता है।" भरती रोज पाऊण तास उशिरा येते, हे खरंच होतं, माझ्या पुस्तकातही होतं. पण मी ते वाचलं होतं आणि त्या माणसानं वाळूत उकिडवं बसून, घड्याळ हातात धरून पाहिलं होतं. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.

त्यात आणखी एक. दर साली ते एखादी वस्तू घेऊन माझ्याकडे यायचे. "सर, हे काय असन?" मला वाटायचं, हा माझी परीक्षा घेतोय. कधी गोल भोकं पडलेला शिंपला, कधी पांढरा हलका तुकडा. मी चष्म्यातून पाहिल्यासारखं करायचो आणि म्हणायचो, "सागरी अवशेष." ते मान हलवून, चिठ्ठीवर तसंच लिहून ठेवायचे.

सहाव्या साली डिसेंबरात, ते निघायच्या आदल्या दिवशी, सकाळी मी त्यांच्या फाटकात गेलो. निरोप द्यायला, असं म्हणू. खरं तर काही खुसपट काढता येतं का ते पाहायला. भाऊ गाडीत सामान लावत होते. मी पहिल्यांदाच, माझा सहा फुटी देह वाकवून, आत चढलो. त्यांची फळी लहानशी, कारण माणूस पाच फुटी. समोर दुसरी फळी होती, चांगली साडेसहा फूट. तीवर गादी होती, आणि एवढ्या पसाऱ्यात तिच्यावर एकही वस्तू ठेवलेली नव्हती.

मी विचारलं, "ही एवढी लांब कोणासाठी?"

भाऊ स्टोव्ह पुसत राहिले. मग म्हणाले, "तुमचीच तं हाय. गाडी घेतली तवाच करून ठेवली."

मी म्हणालो, "मग पाच साल विचारलं काहून नाही?"

"कसा इचारू, सर? तुमी भूगोलवाले. तुमी म्हणसान, हा पटवारी मले समुद्र दाखवते का." खाली पाहत ते म्हणाले, "थे गेल्यावर घरात बोलाले कोणी नाही. म्हून निंगतो. पण तिथं संध्याकाळी पाण्यापाशी बसलं, की बाजूले समजावून सांगणारा पायजे वाटते. तुमी तं लय पाह्यला असन."

बायको जाऊन त्यांना सात वर्षं झाली होती. हे मला ठाऊक होतं आणि मी त्याचा कधी विचारच केला नव्हता. मी त्या लांब फळीवर बसलो. क्षणभर आडवं होऊन पाहिलं, पाय पुरत होते.

"भाऊ," मी म्हटलं, "मी समुद्र पाह्यला नाही. एकदाही नाही."

बावीस वर्षांत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, आमच्या हिलाही नाही. मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत. माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

दुपारी मी शाळेत जाऊन महिनाभराच्या रजेचा अर्ज दिला. हेडमास्तरांनी वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. कारणाच्या ओळीत मी लिहिलं होतं, 'भूगोल पढ़ाता हूँ। समुद्र अब तक नहीं देखा।'