चोराचा मोजा

आमच्या मंडळीत त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, सगळे थैलीवाले काका म्हणतात. रविवारच्या उपासनेत गाणं सुरू झालं की दानाची मखमली थैली घेऊन रांगारांगांतून फिरायचं काम त्यांचं. एरवी हा माणूस कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसतो (आवक फार, जावक बेताची) आणि डोक्यावरचा पंखा कुणी बंद केला तरी चकार शब्द काढत नाही. पण थैली हातात आली की मान अशी ताठ होते, की सदऱ्याला इस्त्री करताना काका आतच राहिले होते असं वाटावं.

काकू चर्चच्या मागच्या खोलीत मुलांची संडे स्कूल घेतात. अगदी लग्नाआधीपासून. त्या वर्गात त्यांचा जीव आहे. पण हल्ली मुलं टिकत नव्हती. त्या रविवारी तर खोलीमागे कुत्रीला पिल्लं झाली आणि गोष्टीतल्या दावीद राजाला एकटं सोडून अख्खा वर्ग खिडकीतून पसार झाला. नेमके तेव्हाच पाळकसाहेब दारात उभे.

पाळकसाहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मऊ आवाजात म्हणाले, "पुढच्या रविवारी मी येऊन मागे बसतो. मुलं शेवटपर्यंत बसली तर वर्ग चालू ठेवू. नाहीतर मोठ्यांबरोबर उपासनेलाच बसवू त्यांना."

काकू घरी आल्या आणि चपलांसकट पलंगावर बसल्या. या घरात चपलांसकट पलंगावर कुणी बसलं, म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय असं समजायचं.

"मोठ्यांच्या प्रवचनात कुठली बसतात ती," काकू म्हणाल्या. "तिथे तुम्हीसुद्धा घोरता."

"मी डोळे मिटून ऐकतो."

"घोरत ऐकता."

एरवी काकांनी हा वाद पुढे चालवला असता. पण काकूंचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना बघवेना. म्हणून तोंडाला येईल ते बोलून गेले, "अगं, त्यात काय एवढं? बाहुल्यांचा खेळ करू. मी करतो."

बस. एवढंच बोलले. बाहुली जन्मात हातात धरली नव्हती.

गोष्ट ठरली चांगल्या शोमरोन्याची. येशूनं सांगितलेली ही गोष्ट तशी सोपी. एका वाटसरूला चोर बडवतात आणि रस्त्यात टाकून जातात. याजक येतो, बघून पुढे जातो. देवळातला सेवक, लेवी येतो, तोही न थांबता जातो. शेवटी परका, नावडता शोमरोनी येतो आणि तोच त्याला उचलून उतारशाळेत नेतो. काकांनी घरातले जुने मोजे गोळा केले, बटणांचे डोळे शिवले, लोकरीच्या दाढ्या लावल्या. चोरासाठी हिरवा मोजा, त्याला काळ्या लोकरीच्या झुपकेदार मिशा. भोकं पडली होती तिथं आयतीच तोंडं झाली.

तालमीत अडचण लक्षात आली. लेकीनंच दाखवली.

"बाबा, वाटसरू मार खाऊन पडला की पडूनच राहणार ना?"

"मग काय उठून नाचेल?"

"म्हणजे तुमचा डावा हात गेला. उरला एक. आणि माणसं ही एवढी."

काकांनी दोन्ही हातांकडे आळीपाळीनं बघितलं. "तू एक हात दे की."

"माझी परीक्षा आहे," असं म्हणून लेक दोन्ही हात घेऊन आत गेली.

मग काकांनी युक्ती काढली. उजव्या हातातला मोजा दातांनी ओढून काढायचा आणि पुढच्या मोज्यात हात खुपसायचा. (मोजे धुतलेले होते. लेवी सोडून.) आठवडाभर हा गृहस्थ जेवणाच्या टेबलामागे बसून तोंडानं मोजे काढत होता. काकू एकदा डोकावल्या, कपाळाला हात लावला आणि निघून गेल्या.

रविवार उजाडला. टेबल आडवं केलं, त्यावरून चादर सोडली, काका मागे गुडघ्यांवर बसले. समोर सतरंजीवर मुलं, अगदी पुढे पाळकसाहेबांची नात. ही मुलगी एवढीशी, पण डोळ्यांत तेल घालून बसलेली. मागे खुर्चीवर स्वतः पाळकसाहेब. काकू भिंतीला टेकून उभ्या, हातातल्या रुमालाची सुरळी करत.

आणि चोर आला.

असा चोर कुणी बघितला नसेल. कचेरीत वर्षानुवर्षं गिळलेले सगळे अपमान काकांच्या उजव्या हातात उतरले. चोर गरजला, मिशा थरथरल्या आणि त्यानं वाटसरूला असा काही तुडवला, की काकांचा डावा हात खरोखर सुजला. मुलं श्वास रोखून बघत होती. पिल्लं मागे केकाटत होती, पण एकानंही मान वळवली नाही. काकूंनी रुमाल सोडला.

काकांनी चादरीआड हात खाली घेतला, चोर दातात धरला आणि ओढला. चोर निघेना. पुन्हा ओढला. लग्नाची अंगठी मिशांच्या आतल्या दोऱ्यात अडकली होती. जितकं ओढावं तितकी गाठ घट्ट.

वर वाटसरू एकटाच "मेलो, मेलो" करत पडलेला. काकांना घाम फुटला. आता काय करायचं? त्यांनी चोरावरूनच याजक चढवला आणि हात वर केला.

याजकाच्या पांढऱ्या दाढीखालून हिरवी कड दिसत होती. वर भोकातून मिशीचं एक टोक.

"तोच आहे तो," पाळकसाहेबांची नात शांतपणे म्हणाली. "दाढी लावून आलाय."

"छे छे, मी याजक," याजक म्हणाला.

"मेला की नाही ते बघायला आलाय," मागचा एक जण म्हणाला. सगळ्या वर्गाला ते पटलं. याजक घाईघाईनं निघून गेला, त्यामुळे तर खात्रीच झाली.

मग याजकावर लेवी चढला. मोजा तोंडाजवळ आला तेव्हा काकांनी श्वास धरला (तो धुतला नव्हता हे आत्ता आठवलं). मुलांनी लेवीला उभंच राहू दिलं नाही. "परत आला, परत आला" करून खोली डोक्यावर घेतली. शेवटी या सगळ्यांवर शोमरोनी बसवला. शोमरोनी एवढा फुगला होता, की त्याला वाकता येईना. तरी बिचारा दयाळूपणे पुढे झाला आणि वाटसरूवर वाकला.

"पळ, उठ, तो चोर आहे," सगळी मुलं ओरडली. काका घसा खरवडून सांगताहेत, "अरे बाळांनो, मी मदतीला आलोय." कोण ऐकतंय? पाळकसाहेबांची नात उठली, टेबलाजवळ आली, शोमरोन्याचं मुंडकं धरलं आणि ओढलं. शोमरोनी गेला, लेवी गेला, याजक गेला. चोर मात्र अंगठीच्या जिवावर तसाच उभा राहिला, मिशा वाकड्या करून.

मागे पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चादरीच्या फटीतून काकांना काकूंचा चेहरा दिसला. हिचा वर्ग मी बुडवला, एवढंच त्यांच्या मनात आलं.

चोरानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "हो. मीच तो. मीच मारलं याला. सोंगं घेऊन परत परत येत होतो, कारण मला पुढे जाववेना."

पाळकसाहेबांच्या नातीनं हात कमरेवर ठेवले. "आधी सॉरी म्हण."

"सॉरी," चोर म्हणाला. काकांचा आवाज खरंच कापत होता.

वाटसरू म्हणाला, "माझं अंग फार दुखतंय रे." तेही खोटं नव्हतं. चोरानं त्याला कसंबसं उचललं आणि चादरीच्या टोकापर्यंत नेलं. पुढे उतारशाळेचा मालक हवा होता. पण काकांचे हात संपले होते.

इतक्यात टेबलावर तपकिरी मोजा उगवला. काकू केव्हा येऊन शेजारी गुडघ्यांवर बसल्या होत्या ते काकांना कळलंही नाही. "या, आत या," मालक म्हणाला. "दोघंही या. दमला असाल." काकांना इतकं बरं वाटलं, की त्यांना पुढचं वाक्यच आठवेना. आणि मुलं जागची हलली नाहीत.

सगळं संपल्यावर पाळकसाहेब पुढे आले. "काका, शास्त्रात हे असं नाही."

"नाही, साहेब."

"पुढच्या रविवारी जसं आहे तसं सांगा." मग ते काकूंकडे वळले. "पण मुलं बसली. वर्ग चालू ठेवा."

काकूंनी काकांचा सुजलेला हात भर खोलीत हातात घेतला. काका हवेतच होते. त्या तरंगत्या अवस्थेतच ते मोठ्या उपासनेला गेले, गाणं सुरू झाल्यावर थैली उचलली आणि मान ताठ करून पहिल्या रांगेपाशी आले. अंगठीला अजून काळ्या लोकरीचा झुपका लटकत होता, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पाळकसाहेबांच्या नातीनं झुपका बघितला. थैली बघितली. मग बाकावर उभी राहून अख्ख्या मंडळीला ऐकू जाईल असं शेजारच्या आजीला सांगितलं, "आजी, पैसे टाकू नको. हा चोर आहे."

गाणं तिथंच बंद पडलं. पाळकसाहेबांनी व्यासपीठावर चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

तेव्हापासून आमच्याकडे दर रविवारी थैली फिरते ती अशी: पुढे काका आणि त्यांच्या मागोमाग, थैलीवरची नजर न काढता, पाळकसाहेबांची नात. मंडळीला आता सवय झाली आहे. काकांना होत नाही. परवा न राहवून ते तिच्यापुढे वाकून म्हणाले, "बाळा, झालं गेलं. मी सॉरी म्हटलं होतं ना?"

तिनं त्यांना नीट न्याहाळलं.

"ते मोज्यानं म्हटलं," ती म्हणाली. "तुम्ही कुठे म्हटलंत?"