घोटीव अंगण

गृहकर्जाचा हप्ता सुरू झाला तेव्हा सगुणच्या घरातून पहिली बाहेर पडली ती इसवण. मुंबईकडे जिला सुरमई म्हणतात, ती. दुसऱ्या वर्षी व्याजदर वाढला आणि बांगडाही महिन्यातून दोनदाच येऊ लागला. तिसऱ्या वर्षी अंगणासाठी पैसे बाजूला टाकायचं ठरलं, तेव्हापासून घर सुक्या सुंगटांवर, म्हणजे सुक्या कोळंबीवर, चाललं होतं. बायको सुविधा याबद्दल एक शब्द बोलत नसे. शेजारच्या बाबुरावांकडून तळणीचा वास आला की ती स्वयंपाकघराची खिडकी लावून घेई, एवढंच. पण ती खिडकी लागल्याचा आवाज सगुणला घरात कुठेही असला तरी ऐकू जायचा.

अंगणाची हौस वगैरे काही नव्हती. मागच्या श्रावणात सगुणची आई कमलाक्षीबाई तुळशीला दिवा लावायला उतरली आणि शेवाळावरून घसरली. मनगट मोडलं. ते जुळलं, पण सगुणने त्यानंतर तिला पावसात अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. चाळीस वर्षांत जिने एक संध्याकाळ चुकवली नव्हती, ती खिडकीच्या गजांतून तुळशीला हात जोडू लागली. ते बघून सगुणला फार वाईट वाटायचं. पुढच्या पावसाच्या आत अंगण सिमेंटचं करायचं, असं त्याने स्वतःला बजावलं. बँकेचं कर्ज घर उभं करतानाच संपलं होतं, म्हणून हे पैसे ताटातूनच काढायचे होते.

नमुना समोरच होता. बाबुरावांचं अंगण घोटून घोटून असं गुळगुळीत केलेलं होतं, की त्यात त्यांची खुर्ची उलटी दिसे. त्या खुर्चीत बसून ते रोज सांगत, "सगुण, करशील तर असा कर. भात सांडलो तर उचलून खावचो."

गवंडी केरबा मूळचा चंदगडकडचा. पंधरा वर्षं डिचोलीत कामं करून तो प्रत्येक घरमालकाला इथल्यासारखा 'पात्रांव' म्हणायला शिकला होता. बाकी बोलणं गावचंच ठेवलं होतं.

"पात्रांव, लई घोटून नगा घेऊ," तो म्हणाला. "वरनं झाडू मारून खरबरीत ठेवतो. पावसात पाय धरतंय."

"खरबरीत गोठ्यात आसता, केरबा. सात म्हयने सुकी सुंगटां खाल्ली ती गोठ्यासाठी नाय. माका आरसो होयो."

"तुमचं अंगण, तुमचं पाय," केरबा म्हणाला आणि कामाला लागला.

सगुण एका कारखान्यात भांडार सांभाळत असे. कोणता माल कधी संपणार हे तो आठ दिवस आधी सांगे, आणि त्याचा त्याला थोडा गर्व होता. अंगणाचा दिवसही त्याने तसाच काढला. शिगम्याचा मेळ आज मांडावरून, गावाच्या जमायच्या जागेवरून, निघणार. म्हणजे ढोल, ताशे आणि कांसाळी नावाच्या मोठ्या झांजा घेऊन गावातली तीस माणसं घरोघरच्या अंगणात नाचणार. आज आणि उद्या वरचा वाडा, आणि परवा आपला खालचा. केरबा उद्या सकाळी शिमग्याला स्वतःच्या गावी जाणार, तो कधी परतेल याचा नेम नाही. तेव्हा अंगण आज घालायचं, दोन दिवस सुकवायचं आणि परवा नव्या अंगणात मेळ नाचवायचा. शिवाय बाबुराव खुर्चीतून ते बघणार, हाही हिशेब त्यात होता. त्यासाठी सगुणने यंदा मेळातली स्वतःची जागाही सोडली होती. दहाव्या वर्षापासून तो मेळात कांसाळं वाजवत आला होता.

दुपारी तीनला काम झालं. केरबाने शेवटची थापी फिरवली, सेंट्रिंगच्या फळ्या कुंपणाला टेकवल्या आणि हात धुता धुता सांगितलं, "दोन दिस चिमणीचा बी पाय लागू देऊ नगा."

सगुण व्हरांड्यात उभा राहून अंगणाकडे बघत राहिला. त्यात आकाश दिसत होतं, तुळस दिसत होती. मग सव्वाचारला ढोल ऐकू आला. तो वरच्या वाड्यातला असणार म्हणून त्याने मान डोलावून ठेकाही धरला. पुढच्या खेपेला ढोल जरा मोठा वाजला आणि त्याची मान थांबली.

सुविधा मोबाईल घेऊन बाहेर आली. "वरच्या वाड्यावरचे आजोबा गेले. पुण्याक, लेकीकडे. दुपारी फोन आयलो."

"अरेरे. ब्याण्णवचे होते ना?"

"वरचो वाडो सगळो एकाच कुळाचो. चौदाय घरांक सुतक. मेळ ती घरां सोडून थेट खाली येता."

सगुणने आयुष्यात बरेच हिशेब केले होते, पण ब्याण्णव वर्षं थांबलेला माणूस आणखी दोन दिवस थांबणार नाही, हे त्याने कुठेच धरलं नव्हतं.

"आपणय सुतक सांगूया," तो म्हणाला.

"कोणाचा?"

सगुणने सगळे नातेवाईक डोळ्यांसमोर आणले. मेले सगळे खणखणीत होते. फिरत फिरत त्याची नजर आईवर येऊन थांबली.

"माझ्याकडे बघू नको," कमलाक्षीबाई म्हणाली. "खोटा सांगून मेळ दारातून परतवूचो नाय. त्यापेक्षा तुझा सिमिट फुटूंदे."

तोवर मेळ फाटकात आला. पुढे बाबाजीकाका होते. सत्तरी ओलांडलेले, मेळाचे म्होरके. सगुण हात जोडून आडवा उभा राहिला. "काका, अंगण ओला आसा. सव्वा तास झालो घालून. रस्त्यावरच नाचशात?"

बाबाजीकाकांना खरोखरच वाईट वाटलं. त्यांच्याही घरावर कर्ज होतं. "रस्त्यावर कसो नाचतलो, सगुणा? मेळ अंगणातच व्हयो. एकदा घर चुकला तर पुढल्या वर्सा कोण म्हणतलो, ह्या घर चुकला तर चलता." मग त्यांची नजर कुंपणाकडे गेली. "त्या फळ्यो कोणाच्यो?"

चहाला थांबलेल्या केरबाने निमूटपणे फळ्या अंगणात आडव्या टाकल्या. तो टाकत असताना बघणाऱ्याला वाटलं असतं, की स्वतःच्याच पोराला इंजेक्शनसाठी धरतोय.

"पोरांनो, फळीवर उभे रवा," बाबाजीकाकांनी बजावलं. "सगुणान मासो सोडून हा अंगण केल्यान. नमन म्हणूया, बसल्या आवाजात. मग दोन पावलां नाचूया आणि निघूया."

पोरं शहाणी होती. तीस माणसं पाच फळ्यांवर एकमेकांचे खांदे धरून उभी राहिली. नमन इतकं हळू झालं की बाबुराव कानाला हात लावून खुर्चीतून उठले. सुविधाने ओवाळलं. दोन पावलं ठरल्याप्रमाणे दोनच पडली, तीही फळीवर. सगुणच्या जिवात जीव आला.

पण कोणाला तरी ताशाची कातडी सारखी करायची होती, म्हणून त्याने हातातलं कांसाळं क्षणभर सगुणकडे धरायला दिलं. सगुणने ते घेतलं. ढोलवाल्याने, केवळ हात मोकळा करावा म्हणून, एक थाप मारली. सगुणच्या हाताने उत्तर दिलं. तीस वर्षांची सवय ती. ढोलाने पुन्हा विचारलं, कांसाळ्याने पुन्हा सांगितलं, ताशा मध्ये पडला आणि कोणीतरी "ओस्सय" म्हणून आरोळी दिली. मग फळ्या कुठे गेल्या ते कोणालाच कळलं नाही. मेळ उसळला, गोल फिरला, पुढे गेला, मागे आला, टाचा रोवून थांबला आणि पुन्हा फिरला. सगळ्यांच्या मधोमध, डोळे मिटून, सगळ्यांत उंच उडत होता तो सगुण.

केरबा उंबऱ्यावर डोकं धरून बसला होता. मात्र त्याच्या पायाचा अंगठा हलत होता, हे सुविधाने पाहिलं.

नाच थांबला तेव्हा सगुणने डोळे उघडले आणि खाली पाहिलं. बाबाजीकाकांनी डोक्याचं फडकं सारखं केलं आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या घराच्या हप्त्याक कधी कमी पडूंदे नको."

"व्हय म्हाराजा," मेळ म्हणाला.

"ह्या अंगणात कोणाचो पाय घसरूंदे नको."

"व्हय म्हाराजा."

मग सिमेंटने पाय जळजळू लागले. अंगण भिजवायला भरून ठेवलेलं पिंपभर पाणी तीस माणसांचे पाय धुण्यात संपलं, आणि महिन्याचं खोबरेल त्या पायांना चोळण्यात. बाबुराव कुंपणापलीकडून म्हणाले, "सगुण, आता भात सांडलो तर शोधूचो लागतलो." त्यावर सगुण हसला नाही. त्याला रडायला येत होतं.

केरबा निघताना म्हणाला, "गावासनं आलो की वरनं एक थर देतो."

"पैसे खंय आसत, केरबा?"

केरबाने खाली बसून अंगणावर हात फिरवला. वरची घोटाई टाचांनी खरवडून गेली होती आणि बारीक खडी वर आली होती. तो काहीतरी बोलणार होता, पण पात्रांवचं तोंड बघून त्याने ते पोटातच ठेवलं.

पुढचे चार महिने सगुण घरात शिरताना खाली बघत नसे. सगळी पावलं त्याला ओळखू येत होती. बाबाजीकाकांचं वाकडं पाऊल, ताशेवाल्याची टाच. सगळ्यांत खोल उमटलं होतं ते त्याचंच. सात महिन्यांची सुंगटं आपण स्वतःच्या पायांनी तुडवली, हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती. सुविधाने मात्र एकदाही टोमणा मारला नाही. त्याला त्याचाच जास्त त्रास झाला.

श्रावण आला. चार दिवस पाऊस थांबायचं नाव घेईना. एका संध्याकाळी सगुण कामावरून येत होता, तेव्हा बाबुराव आपल्या फाटकापासून दारापर्यंत गोणपाटं अंथरून त्यांच्यावरून भिंतीला धरून चालताना दिसले. पाय बँडेजमध्ये होता. घोटलेल्या अंगणावर हिरवा थर चढला होता आणि परवा ते खुर्चीसकट गेटापर्यंत गेले होते.

सगुण स्वतःच्या फाटकाशी आला. कमलाक्षीबाई अंगणात होती. डोक्यावर इरलं, हातात पदराआड धरलेला दिवा, पायात काही नाही. अंगणाच्या मधोमध.

"आई, थांब. हलू नको. मी येतंय."

"तू सावकाश ये," ती म्हणाली. "धावू नको. माका काय जायना. चार दिवस येतंय मी, तू कामार असताना." तिने पुढच्या पावलावर पाऊल ठेवलं, मग त्याच्या पुढच्यावर. "हा बाबाजीचा. हा कोणाचा काय म्हायत. आणि हा तुझा. तुझ्यात पाय बरो बसता."

ती तुळशीपाशी पोचली. दिवा लावला, हात जोडले. खिडकीचे गज मध्ये नव्हते. सगुण फाटकातच उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्या अंगणाकडे नीट बघत राहिला. दारात उभ्या सुविधाने डोळ्यांना पदर लावला आणि पाऊस उडतोय म्हणाली.

कुंपणापलीकडे बाबुराव एका गोणपाटावर एका पायाने उभे होते. त्यांनी घसा साफ केला.

"सगुण, पावसानंतर माका अंगण फोडून परत करूचा आसा. त्या केरबाचो नंबर दी. आणि," ते जरा थांबले, "पुढल्या शिगम्याक हो मेळ... काय घेता रे?"

सगुण बोलायच्या आत तुळशीकडून उत्तर आलं.

"एक नारळ आणि शेरभर तांदूळ," कमलाक्षीबाई म्हणाली. "पण बाबुराव, सिमिट ओला ठेवूचा लागता."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबुरावांकडून केळीच्या पानात बांधून इसवणीचे चार तुकडे आले. सुविधाने ते तळले, खिडकी सताड उघडी ठेवून.