शंभरांश सेकंदाचा भाव

मनुष्य हा मुळात जमिनीवर राहणारा प्राणी आहे. त्यामुळे तो पाण्यात उतरला की खर्च वाढणं स्वाभाविक आहे. मासा पाण्यात फुकट राहतो हे खरं, पण माशाला प्रमाणपत्र मिळत नाही.

हे निवेदन मी 'मत्स्यवेध जलतरण मंडळ, ठाणे' या संस्थेच्या पालक समन्वय समितीचा मानद सचिव या नात्याने लिहीत आहे. (मानद म्हणजे बिनपगारी. ज्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत अशी मंडळात ही एकच जागा आहे, म्हणून मी ती घेतली.) जिल्हा स्पर्धेच्या दिवशी पालक गॅलरीत सरासरी पाच तास दहा मिनिटं बसतात आणि आपल्या मुलाची शर्यत सरासरी छत्तीस सेकंद चालते. मधल्या वेळात पालकांच्या हाती वाचायला काहीतरी द्यावं, शक्यतो प्रेरणादायी, असा ठराव गेल्या सभेत एकमताने झाला. प्रेरणेसाठी आमच्याकडे दिपेश तांडेल यांच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

दिपेश कोपरला राहतो आणि वागळे इस्टेटमध्ये खोकी बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याची मुलगी दक्षता अकरा वर्षांची असून पन्नास मीटर फ्रीस्टाइल पोहते. रोज पहाटे बाप-लेक स्कूटरवरून निघतात, नव्या पुलावरून खाडी ओलांडतात आणि ठाण्याला येऊन तलावात उतरतात. म्हणजे पाणी ओलांडून पाण्यात. उतरते अर्थात फक्त दक्षता. दिपेश काठावर स्टॉपवॉच धरून उभा असतो.

दिपेशचे वडील सखाराम जातीचे कोळी. उभा जन्म त्यांनी खाडीत होडी चालवली, आणि लहानपणी ही खाडी ते रोज पोहून पार करत. त्यासाठी त्यांनी कोणतंही शुल्क भरल्याची नोंद नाही. पुढे पाणी काळं झालं. दिपेश सात वर्षांचा असताना सखारामांनी त्याला बजावलं, "खारीत उतरलास त तंगरी मोरीन." दिपेश आज्ञाधारक मुलगा होता. त्यामुळे कोळ्याच्या पोटी जन्मूनही त्याला पोहता येत नाही. हे त्याने मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना हातातला कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला होता.

अर्थात यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही. आम्ही पाहणी केली आहे. मंडळातल्या बावन्न पालकांपैकी चौघांना पोहता येतं, आणि त्या चौघांपैकी दोघांनी 'पूर्वी यायचं' असं लिहिलं आहे. मात्र पाण्यात हात कोणत्या कोनात घालावा, यावर बावन्नच्या बावन्न पालक अर्धा तास बोलू शकतात.

आता खर्चाकडे वळू. प्रशिक्षण शुल्क असतंच. त्याशिवाय जमिनीवरच्या व्यायामाचं शुल्क वेगळं असतं, कारण जमीन तलावाच्या भाड्यात येत नाही. चष्मा लागतो. त्यावर वाफ धरत नाही, अशी हमी असते. (वाफ तिसऱ्या आठवड्यापासून धरते. हमी दोन आठवड्यांची असते.) शर्यतीचा पोशाख साडेचौदा हजारांना मिळतो. तो इतका घट्ट असतो की पायांना प्लास्टिकच्या पिशव्या घालून दोन बायकांनी ओढून चढवावा लागतो. त्याला पंचवीस मिनिटं लागतात, आणि पोशाखाचं आयुष्य आठ-दहा शर्यतींचं. म्हणजे तो अंगावर चढवण्यातच जास्त झिजतो, असं दक्षताची आई कल्पिता हिचं निरीक्षण आहे. खेरीज प्रवेश शुल्क, चाचणी शुल्क, ओळखपत्र आणि ओळखपत्राची दोरी.

आहारतज्ज्ञ नौपाड्यात बसतात. त्यांनी बाराशे रुपये घेऊन दक्षताला अंडी, केळी आणि तूपभात खायला सांगितलं, आणि माशाच्या तेलाच्या गोळ्या लिहून दिल्या. दिपेशची आई सरस्वतीबाई गेली तीस वर्षं डोंबिवली पश्चिमेला मासळी विकते. तिने ती बाटली हातात घेऊन, फिरवून, झाकण उघडून वास घेतला.

"ह्यात मावरा हाय?" तिने विचारलं.

"तेल आहे आई. माशाचं."

"नं बाकीचा मासा कोनी खाल्ला?"

हा प्रश्न आहारतज्ज्ञांकडे पाठवला आहे. उत्तर आल्यास कळवू.

सामान्य पालक असा खर्च करतो आणि उसासे टाकतो. दिपेशने मात्र शास्त्रीय पद्धत अवलंबली. गेल्या वर्षात दक्षताची वेळ ३८.०२ सेकंदांवरून ३६.८२ सेकंदांवर आली, म्हणजे एकशे वीस शंभरांश सेकंद कमी झाले. त्याच वर्षात खर्च झाला एक लाख ब्याण्णव हजार. भागाकार केला की एका शंभरांश सेकंदाला सोळाशे रुपये पडतात. दिपेशने हा भाव वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. राज्य स्पर्धेच्या निवडीसाठी हवी होती ३६.४० सेकंदांची वेळ. अजून बेचाळीस शंभरांश काढायचे होते, म्हणजे सदुसष्ट हजार दोनशे रुपये. समितीने या पद्धतीचं अभिनंदन करून ती सर्व पालकांना पाठवली. त्या दिवसापासून आमच्याकडे कोणी 'मुलगी कशी पोहते' असं विचारत नाही, 'काय भाव पडतो' असं विचारतात.

दक्षताची मात्र एक मागणी होती. तिच्या मामाची, चंदूची, टिटवाळ्याच्या पुढे शेतावर विहीर आहे. पायऱ्यांची आहे आणि पाणी हिरवं, गार असतं. सखाराम उन्हाळ्यात रविवारी तिथे जाऊन तासन्‌तास डुंबतात. दक्षताला त्यांच्याबरोबर जायचं होतं.

"पप्पा, एक रविवार जाऊया ना."

"कशाला?"

"पोहायला."

"रोज पोहतेस की!"

"तसं नाही. नुसतं पोहायला."

दिपेशने कार्यक्रमपत्रिका काढून पाहिली. त्यात फ्रीस्टाइल आहे, बॅकस्ट्रोक आहे, ब्रेस्टस्ट्रोक आहे, बटरफ्लाय आहे. 'नुसतं' हा प्रकार कोणत्याही वयोगटात नाही. शिवाय आमच्या नियम क्रमांक चौदानुसार स्पर्धेआधी तीन महिने खेळाडूने परक्या पाण्यात उतरू नये. (स्पर्धा दर अडीच महिन्यांनी असते.) पण दिपेश कठोर बाप नाही. त्याने शब्द दिला की निवड झाली तर एक रविवार विहिरीवर. दक्षताने तो शब्द आजोबांना सांगितला. तेव्हापासून तिच्यासाठी ३६.४० सेकंद म्हणजे राज्य स्पर्धा नव्हती, ती विहीर होती. सराव तिने असा काही केला की आमचे प्रशिक्षक डिलन सर, जे सहसा फक्त शिट्टीने बोलतात, ते एकदा तोंडाने "गुड" म्हणाले.

स्पर्धेआधीच्या आठवड्यात हिशोब पूर्ण होत आला. पोशाख, नवा चष्मा, मालिश, आणखी सहा खासगी तास मिळून पासष्ट हजार सहाशे झाले. उरली फक्त पाणी कापणारी घुमटाकार टोपी. किंमत सोळाशे. दिपेश दुकानात ती हातात धरून बराच वेळ उभा राहिला आणि परत ठेवून आला. जुनी टोपी चांगली होती, असं त्याचं म्हणणं.

जिल्हा स्पर्धेच्या दिवशी एका खेळाडूमागे गॅलरीचा एकच पास मिळतो. तो दिपेशकडे होता. गॅलरी पोहणाऱ्यांच्या उजव्या हाताला आहे आणि सर्व पालक तिथे बसतात. या कारणासाठी मुलांना श्वासही उजवीकडेच घ्यायला शिकवलेलं आहे, म्हणजे त्यांना घरचं माणूस दिसत राहतं. सखारामांकडे पास नव्हता. पण दारावरचा रखवालदार त्यांच्याच कोळीवाड्यातला निघाला आणि त्याने त्यांना डाव्या बाजूला, पंपाच्या खोलीजवळच्या पायऱ्यांवर बसवलं. नातीची शर्यत ते पहिल्यांदाच पाहत होते. डोक्यावर त्यांची लाल टोपी होती.

शिट्टी झाली. दक्षताने उडी मारली. निकाल लागला: ३६.४१.

एक शंभरांश सेकंद कमी पडला. पासष्ट हजार सहाशेला सोळाशेने भागून पाहा, बरोबर एक्केचाळीस येतात, आणि बरोबर एक्केचाळीसच मिळाले. अर्थशास्त्र इतकं अचूक क्वचितच ठरतं. पण दिपेशला त्याचा आनंद झाला नाही. तो पार्किंगमध्ये स्कूटरला टेकून "टोपी घ्यायला हवी होती" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. दक्षता रडली नाही. ओल्या केसांनी मागच्या सीटवर बसून तिने विचारलं, "आता विहीर नाही ना?" दिपेशने स्कूटर सुरू केली. मला तेव्हा खरोखर वाईट वाटलं. पण सचिव या नात्याने मी ते नोंदवून घेतलं नाही.

समितीने मात्र प्रश्न तडीस नेण्याचं ठरवलं. मंडळाचा कॅमेरा शर्यत संपते त्या टोकाला तिपाईवर असतो, त्यामुळे लेन आणि दोन्ही बाजू स्पष्ट दिसतात. मी, डिलन सर आणि दिपेश अशी त्रिसदस्यीय उपसमिती मंडळाच्या कचेरीत बसली. चित्रफीत चौदा वेळा पाहिली. चौदाव्या वेळी दोष सापडला. एकतीस मीटरच्या आसपास दक्षताने तीन श्वास डावीकडे घेतले होते. डाव्या बाजूला पायऱ्यांवर सखाराम उठून उभे होते आणि लाल टोपी हातात घेऊन डोक्यावर फिरवत होते. चित्र थांबवून मोठं केल्यावर दिसलं की त्या तीन श्वासांत दक्षता हसते आहे. डिलन सरांच्या मते हसल्याने तोंडात पाणी जातं आणि एक शंभरांश सहज वाया जातो. मी तत्काळ शिफारस लिहिली: 'यापुढे खेळाडूच्या आजोबांची बसण्याची व्यवस्था उजव्या बाजूस करण्यात यावी. पासाचे शुल्क वेगळे.'

सही घ्यायला कागद पुढे केला, तर दिपेशचं लक्ष नव्हतं. त्याने चित्र पुन्हा मागे नेलं होतं आणि तो उजवी बाजू पाहत होता. उजव्या गॅलरीत त्या शर्यतीला आम्ही सव्वीस पालक होतो. सव्वीसपैकी सव्वीस जणांच्या माना खाली होत्या. कोणी स्टॉपवॉच बघत होतं, कोणी मोबाइल. दुसऱ्या रांगेत दिपेश होता. त्याच्या शेजारी मी होतो, हातात याच निवेदनाचा पहिला खर्डा.

"सर," दिपेश म्हणाला, "ती दोन वर्षं माझ्या बाजूला श्वास घेतेय."

"नियमाप्रमाणेच आहे ते," मी म्हणालो.

"आणि मी घड्याळ बघतोय."

त्याने कागदावर सही केली नाही. गणसंख्येअभावी शिफारस बारगळली.

त्यानंतरच्या रविवारी पहाटे पालकांच्या ग्रुपवर त्याचा संदेश आला: 'दक्षता आणि मी आज येणार नाही.' कारणाचा रकाना रिकामा. दुपारी कल्पिताने फोटो टाकला. (चुकून असावा. ग्रुपवर फोटो फक्त पदकांचे टाकायचे असतात.) मामाच्या विहिरीत गळ्यापर्यंत पाणी, पायरीचा दगड दोन्ही हातांनी घट्ट धरलेला आमचा दिपेश, आणि त्याच्या पाठीला दोरीने बांधलेला रिकामा तेलाचा पत्र्याचा डबा. वरच्या पायरीवर सखाराम, टोपी डोक्यावर. समोर पाण्यात दक्षता, जुन्या फ्रॉकमध्ये, दोन्ही हात पुढे केलेली. कल्पिताने खाली लिहिलं होतं की दक्षता सारखी एकच सूचना देत होती: "पप्पा, खाली नका बघू. माझ्याकडे बघा."

दिपेशने त्या दिवशी दहा फूट अंतर कापलं. वेळ कोणी घेतली नाही. खर्च शून्य, डबा घरचाच, त्यामुळे शंभरांशाचा भाव काढता येत नाही आणि हा प्रयोग शास्त्रीयदृष्ट्या निरुपयोगी ठरतो. नियम क्रमांक चौदाचा भंग झाल्याबद्दल मी नोटीस तयार केली आहे. पाठवायची राहिली आहे. दक्षता सोमवारी पुन्हा सरावाला आली आणि पूर्वीइतक्याच वेगाने पोहली. दिपेश काठावर उभा होता, पण स्टॉपवॉच स्कूटरच्या डिकीत विसरला, असं म्हणाला.

माझा मुलगा हर्षित ब्रेस्टस्ट्रोक पोहतो. परवा घरी जेवताना त्याने मला सहज विचारलं, "बाबा, मी वळताना कसा दिसतो?" मी त्याला एकोणपन्नास पॉइंट दोन असं सांगितलं.

असो. पालकहो, निवेदन लांबलं, पण आपण शेवटपर्यंत वाचलंत याबद्दल समिती आभारी आहे. याचा अर्थ आपण सुमारे दहा मिनिटं मान खाली घालून बसला आहात. मघाशी एक शिट्टी झाली होती. आपल्याला ती ऐकू आली असेल, पण आपण पोशाखाच्या किंवा माशाच्या तेलाच्या परिच्छेदात होतात. पाचव्या लेनमध्ये आपलं मूल होतं. त्याने उजवीकडे श्वास घेतला, नियमाप्रमाणे, एकूण अठरा वेळा. निकाल थोड्या वेळात पंपाच्या खोलीच्या भिंतीवर लावला जाईल. तिथे वेळ आपल्याला शंभरांश सेकंदापर्यंत अचूक मिळेल.