फॉलोअप चालू आहे

तक्रार निवारण कक्षाचे प्रमुख भाऊसाहेब भर दुपारी लिफ्टमध्ये अडकले, ही बाब कार्यालयाच्या दृष्टीने किरकोळ होती. लिफ्ट रोजच कोणाला ना कोणाला अडकवत असे. पण आज त्यांच्या बायकोचं ऑपरेशन होतं आणि घरच्या माणसाची सही झाल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते.

त्यांनी आपल्याच कक्षाला फोन लावला. हाताखालच्या बाईंनी उचलला.

"बाई, मी लिफ्टमध्ये अडकलोय. मेकॅनिक पाठवा."

"तक्रार नोंदवली, सर. फॉलोअप चालू आहे."

हा शब्द त्यांनी आयुष्यभर वापरला होता. साहेब फॉलोअप म्हणाले की समजायचं, मला पुन्हा विचारू नका. कारकून म्हणाला तर उद्या या. कंत्राटदार म्हणाला तर आधी बिल काढा. काम होणे, हा अर्थ मात्र खात्यात कोणाच्याच ऐकिवात नव्हता.

"अहो, फॉलोअप नको. माणूस पाठवा."

"फॉलोअपशिवाय माणूस कसा पाठवू? आणि त्यासाठी तक्रारदाराने स्वतः खिडकीवर यायचं. फोनवर कोणीही काहीही सांगतं, असं तुम्हीच म्हणाला होतात."

नियम त्यांचाच होता. त्यामुळे तक्रारी निम्म्यावर आल्या होत्या आणि भाऊसाहेबांचा सत्कारही झाला होता.

"मी येऊ कसा? मी आत आहे."

"मग गैरहजर लिहू का?" बाईंच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. "गैरहजर लिहिलं की तक्रार लगेच निकाली निघते, सर."

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "निघालात ना? नर्स दोनदा विचारून गेली."

अडकलोय म्हणावं तर ती घाबरेल. भाऊसाहेबांची जीभ सवयीने वळली. "हो हो, फॉलोअप चालू आहे."

संसारात तिने हा शब्द गळक्या नळापासून मुलीच्या शाळेच्या प्रवेशापर्यंत ऐकला होता. "बरं," ती म्हणाली आणि तिने आपल्या भावाला बोलावून घेतलं.

ऑफिस सुटताना शिपायाला घरी जायची घाई होती, म्हणून खाली उतरायला त्याने स्वतःच किल्लीने लिफ्ट उघडली. भाऊसाहेब धापा टाकत दवाखान्यात पोहोचले, तेव्हा ऑपरेशन उरकलं होतं. नवऱ्याच्या जागी मेव्हण्याची सही होती. नवऱ्यांची वाट बघत बसायची तिथे पद्धत नव्हती.

वाचकहो, भाऊसाहेबांना जरूर हसा. फक्त तुमची आई गुडघा दाखवायला कधी न्यायचं म्हणून कधीची विचारते आहे. काय म्हणालात तिला? "बघतो"?